पन्नास सीसीची परवानगी

भिवंडीजवळच्या वळ गावात मुलगा गाडी चालवायला कधी शिकतो, हे कुणालाच सांगता येत नाही. तो चालायला कधी लागला हे आईला आठवतं, बोलायला कधी लागला हे आजीला आठवतं. गाडीचं मात्र असं, की एक दिवस त्याचे पाय जमिनीला टेकतात आणि त्याच संध्याकाळी तो गाडीवरून दूध आणायला जातो. याला गावात शिकणं म्हणत नाहीत, वाढणं म्हणतात.

अशा गावात मनोज मढवी सर नागरिकशास्त्र शिकवत होते. खरं तर ते इतिहास शिकवत आणि वेळ उरला तर नागरिकशास्त्र. पण सर असे, की ते इतिहास भरभर उरकून नागरिकशास्त्रासाठी वेळ काढत. पानिपतचा निकाल ते एका तासात लावत आणि नागरिकांची कर्तव्ये आठवडाभर चालत. मुलं कंटाळत, पण सरांचा विश्वास होता. भिवंडीच्या रस्त्यांवरून रोज जाऊन-येऊन ज्याचा कायद्यावरचा विश्वास टिकतो, त्या माणसाकडे लोक जरा जपूनच बघतात.

सरांची मुलगी उन्नती सोळा पूर्ण करून अकरावीत गेली, आणि त्याच सुमारास कबड्डीत नाव काढू लागली. ती चढाईला निघाली की समोरच्या मुली आधी एकमेकींचे हात घट्ट धरत. सराव शहरातल्या मैदानावर, पहाटे. त्या वेळी गावातून निघणारी प्रत्येक रिक्षा गोदामांच्या पहिल्या शिफ्टची माणसं भरून उलट्या दिशेला धावत असते. एकट्या मुलीला मैदानावर नेण्यात कुठल्याच रिक्षावाल्याला रस नव्हता. तेव्हा सोडायला सर. आणि सरांची मोटारसायकल चालवण्याची पद्धत अशी, की मागून येणाऱ्याला वाटावं पुढे वरात आहे. उन्नती सरावाला उशिरा पोचे. तिला सोडून सर शाळेत उशिरा पोचत, आणि मुख्याध्यापक फाटकात उभे राहून घड्याळाकडे न बघण्याचा अभिनय करत. वक्तशीरपणा हा ज्याचा धडा, त्याला हे सोसवत नसे.

दिपाली मॅडम, म्हणजे उन्नतीच्या प्रशिक्षक, एकदा सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, पोरीत दम आहे. पण जिल्ह्याची निवड चाचणी आहे, तिथे सात वाजले की मी नावं घेणं बंद करते. माझी स्वतःची मुलगी असली तरी आत नाही घेणार."

त्या रात्री जेवताना उन्नतीने विषय काढला. "पप्पा, टीममधल्या सगळ्या गाडीवर येतात."

"सगळ्या करतात म्हणून कायदा बदलत नाही."

"अहो, पण तिला गाडी येते," करिष्मा, म्हणजे सरांची बायको, भाकरी वाढत म्हणाली. "मी पाहिलंय."

सरांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी दोघींना, आणि ऐकत नसलेल्या आपल्या वडिलांना, सविस्तर सांगितलं की अल्पवयीन मूल गाडी चालवताना सापडलं तर त्याला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही, आणि बापाला तुरुंग होऊ शकतो.

"तुला?" केसरीनाथ आजोबांनी आता मात्र लक्ष दिलं. "मास्तरला तुरुंगान काय शिकवाला देतात क?"

त्या अपमानातून सर जे उठले ते थेट कायदा वाचायला बसले. आणि त्यांना सापडलं. सोळा पूर्ण झालेल्या मुलाला पालकांच्या संमतीने, बिनगिअरची, पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याचं लायसन मिळतं. सरांनी 'सोळा' आणि 'पालकांच्या संमतीने' हे शब्द इतक्या मोठ्याने वाचले की शेजारी दिवा लागला. मधले शब्द त्यांनी मनात वाचले. मुलांना ते नेहमी सांगत की प्रश्न पूर्ण वाचावा. पण सांगणारा माणूस सहसा वाचणारा नसतो.

शेजारी ज्याचा दिवा लागला होता तो विपुल सकाळीच आला. विपुलचे गोदामांवर टेम्पो लागतात, आणि जगातलं कुठलंही काम कुणाच्या तरी ओळखीने होतं, अशी त्याची श्रद्धा आहे.

"सर, सोळाची झंझट कशाला? अठरा टाकून देऊ. आरटीओत आपला माणूस आहे."

"विपुल, वय टाकायचं नसतं. ते असतं."

"तसं तर तसं," विपुल म्हणाला. "पण तुम्ही सरळ मार्गाने गेलात तर ते लोक घाबरतील ना, सर. त्यांना वाटेल, हा माणूस कोण आहे?"

आजोबा ओट्यावरून म्हणाले, "मना सत्तर वरसांत कोनी लायसन इचारला न्हाय."

"बाबा, तुम्ही बैलगाडी चालवत होतात."

"मंग? बैलांनी पन न्हाय इचारला."

अर्ज ऑनलाइन होता, म्हणजे घरबसल्या, म्हणजे घरातल्या सगळ्यांना बसवून. उन्नतीच्या आधारला नंबर जोडलेला होता आजोबांचा. ओटीपी आजोबांच्या फोनवर येई, आणि आजोबा तो 'कंपनीवाले' म्हणून तत्परतेने पुसत. शेवटी करिष्माने सासऱ्यांच्या हातून फोन काढून घेतला, तेव्हा ते दिवसभर रुसून बसले, की आपल्याला आता घरात काही विचारत नाहीत.

शिकाऊ लायसनच्या चाचणीला सर उन्नतीसोबत ठाण्याला गेले. पालकाने अधिकाऱ्यासमोर संमतीची सही करायची असते. सरांनी ती अशी केली, जणू तह होत होता. मग उन्नती संगणकासमोर बसली आणि सर मागच्या बाकावर. नियमांची प्रश्नोत्तरं सरांनी महिनाभर तिच्याकडून घोटून घेतली होती. पोरगी भराभर उत्तरं देत होती. एका प्रश्नावर मात्र ती जरा थांबली. अरुंद पुलावर समोरून गाडी शिरत असेल तर काय कराल?

सरांनी घसा खाकरला. दोनदा.

ज्या माणसाने वीस वर्षं कॉपी पकडली, त्याला खाकरण्याचा अर्थ चांगला ठाऊक होता. अधिकाऱ्यालाही ठाऊक होता. "काका, बाहेर थांबा," तो म्हणाला. सर उठले. आपण शिक्षक आहोत हे सांगावं की सांगू नये, हे त्यांना दारापर्यंत ठरवता आलं नाही. बाहेर एका मुलाच्या आईने सहानुभूतीने विचारलं, "तुम्हाला पण बाहेर काढलं का?"

उन्नती पास झाली. सगळी उत्तरं बरोबर होती, कारण खाकरण्यातून सरांनी सुचवलेला दुसरा पर्याय 'हॉर्न वाजवून पुढे जाणे' हा होता, आणि तो तिने घेतला नाही.

शिकाऊ लायसन घरी आलं, छापून झालं, आजोबांनी ते देवापुढे ठेवलं. करिष्माने ते उचलून वाचलं. ती बँकेत काम करते, त्यामुळे कागद शेवटपर्यंत वाचण्याची तिला वाईट सवय आहे.

"अहो, यात पन्नास सीसीपर्यंतची गाडी म्हटलंय. अशी गाडी कुठे मिळते?"

"शोरूममध्ये," सर म्हणाले.

शोरूममधला तरुण सेल्समन अदबशीर होता. त्याने आधी ऐकलं, मग आणखी एकदा ऐकलं, मग आतून दुसऱ्याला ऐकायला बोलावलं. "सर, एकशे दहाच्या खाली आपल्याकडे फक्त मॅट आहे. पायपुसणं." मग त्यालाच दया आली. "ती कमी स्पीडची बॅटरीवाली घ्या ना. तिला लायसनच लागत नाही."

"लागतच नाही?"

"अजिबात नाही."

एखाद्याने परीक्षेसाठी रात्रंदिवस अभ्यास करावा आणि त्याला सांगावं की नापास झालेल्यांनाही नोकरी आहे, तशी सरांची अवस्था झाली. "आमच्याकडे लायसन आहे," ते ताठ मानेने म्हणाले आणि बाहेर पडले. बाहेर पडताना पायपुसण्याला अडखळले, पण ते कुणी पाहिलं नाही, असं ते धरून चालले.

म्हणजे सरकारने सोळा वर्षांच्या मुलांना एक गाडी चालवायची परवानगी दिली होती, आणि ती गाडी कोणी बनवत नव्हतं. गावाला ही बातमी फार आवडली. चहाच्या टपरीवर विपुल म्हणाला, "सर, हे तर असं झालं, की मांडव घातला, वऱ्हाड आलं, आणि नवरी अजून जन्मायची आहे." लोक हसले. सर हसले नाहीत. तिथल्या तिथे त्यांनी जाहीर केलं की गाडी ते शोधून काढतील, तीच उन्नती चालवेल, आणि निवड चाचणीला ती स्वतःच्या लायसनवर, स्वतःच्या गाडीवर जाईल. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की टपरीवर बरीच माणसं आहेत.

शेवटी गाडी सापडली ती विपुलच्याच ड्रायव्हरमुळे. पडघ्याच्या पुढे एका वाडीत नामा नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात जुनी मोपेड होती. बिनगिअरची, पन्नासच्या आतली, पायडल असलेली. सर रविवारी पोचले. मोपेड खरोखर होती. तिच्या पुढच्या टोपलीत पेंढा होता आणि पेंढ्यावर एक कोंबडी बसली होती.

"न्या की," नामा म्हणाला. "पडूनच हाय."

सरांनी हँडलला हात लावला. कोंबडीने अंग फुगवलं. आतून नामाची बायको गुणाबाई धावत आली.

"अवं गुरुजी, थांबा! खुडूक बसलीया ती. खाली अंडी हायती."

"मग टोपलीसकट उचलून दुसरीकडे ठेवू."

गुणाबाईने सरांकडे असं पाहिलं, की आपण काहीतरी अश्लील बोललो असं त्यांना वाटलं. "बसल्याली कोंबडी हालवत्यात का कुणी? उठली तर परत बसायची न्हाय. पिल्लं निघाली का न्या."

"पण आमची निवड चाचणी आहे, बाई."

"मंग तिला सांगा," गुणाबाई कोंबडीकडे बोट करून म्हणाली.

आणि अशा रीतीने ठाणे जिल्ह्याच्या कबड्डी संघातली एक जागा एका कोंबडीच्या मर्जीवर येऊन ठेपली. सर दर रविवारी वाडीवर जात, लांबूनच बघत आणि परत येत. गुणाबाई त्यांना चहा देई. शाळेत कुणी विचारलं, गाडी कधी येणार, तर सर म्हणत, "प्रक्रिया सुरू आहे," आणि यात तसूभरही खोटं नव्हतं.

पिल्लं निघाली. त्यानंतरचं सगळं कोंबडीपेक्षा कठीण होतं. गाडीची नोंदणी कधीच संपली होती. ती नव्याने करायची तर नामाने सही करायला यायचं, आणि नामाची वांग्याची तोडणी चालू. विमा काढणाऱ्याच्या संगणकात या गाडीचं नावच नव्हतं. धुराची तपासणी करणाऱ्याने नळी कुठे घालायची हे दोनदा विचारलं, आणि गाडी सुरू केल्यावर तो स्वतःच बाहेर जाऊन उभा राहिला. सरांनी एकेक कागद मिळवला. जवळ आलेली चाचणी दोनदा पुढे ढकलली गेली, आणि क्रीडाक्षेत्रातल्या या सवयीबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच एका नागरिकाला कृतज्ञता वाटली.

मग करिष्माने तो प्रश्न विचारला. "अहो, शिकाऊ लायसनवर तिला एकटीला जाता येतं का?"

"नाही. पक्कं लायसन असलेला माणूस मागे बसलेला हवा. पुढची परीक्षा होईपर्यंत."

"म्हणजे तुम्ही."

"म्हणजे मी."

"मग तुम्ही बसणारच, तर तुमच्या मोटारसायकलवर पुढे बसायला काय हरकत होती?"

सरांनी मोपेडचे कागद पुन्हा एकदा क्रमाने लावले. मग म्हणाले, "हा तत्त्वाचा प्रश्न आहे." करिष्मा आत गेली आणि तिचं हसणं स्वयंपाकघरातल्या भांड्यांनी झाकलं.

गावातल्या रस्त्यावर सराव सुरू झाला. पुढे उन्नती, हेल्मेट घालून. मागे सर, हेल्मेट घालून. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल. मोपेड सपाट रस्त्यावर चांगली जाई. चढ आला की तिला आपलं वय आठवे, मग उन्नती पायडल मारी, आणि तरीही जमलं नाही तर सर खाली उतरून चालत. चालताना ते मोपेडच्या पुढे जात. गावातली पोरं तिघं तिघं बसून बाजूने सुसाट जात आणि ओरडत, "सर, धक्का मारू?"

चाचणीच्या आदल्या दिवशी उन्नती म्हणाली, "पप्पा, उद्या मोटारसायकलने सोडा ना. प्लीज."

सरांनी तोंड उघडलं. पण टपरीवरची ती सगळी माणसं त्यांना दिसली. "लवकर निघू," ते म्हणाले. "भरपूर लवकर."

निघाले खरंच लवकर. गल्लीच्या तोंडाशी विपुल, आजोबा आणि टपरीवरचे सगळे निरोपाला उभे होते. आजोबांनी मोपेडच्या चाकाखाली लिंबूसुद्धा ठेवलं. अंजूर फाट्यापर्यंत सगळं ठीक झालं. फाट्यावर कंटेनरांची रांग लागली होती, आणि ती हलत नव्हती. मोपेड मात्र लहान होती. उन्नती कडेकडेने, नियमात राहून, पुढे सरकत होती. सरांच्या मनात आलं, हेच तर आपण म्हणत होतो. तेवढ्यात ट्रॅफिक हवालदाराने हात केला.

"साइडला घ्या."

त्याच क्षणी बाजूने एक मोटारसायकल तीन मुलांसकट निघून गेली. कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मधला म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर!" तो सरांच्या नववीच्या वर्गातला होता.

"यांना का नाही थांबवलं?" सरांनी विचारलं.

"ते थांबतात का?" हवालदार म्हणाला. "तुम्ही थांबलात. लायसन?"

उन्नतीने दिलं. हवालदाराने ते उलटसुलट केलं. "सोळा वर्षांची? आणि लायसन?" मग नोंदणी मागितली. सरांनी दिली. विमा. दिला. धुराचा कागद. दिला. संमतीपत्राची प्रत सरांनी न मागताच दिली. हवालदाराचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला.

"सगळेच कागद आहेत?"

"सगळे."

"असं कसं?" तो म्हणाला. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्याच्यावर ही वेळ आली नव्हती. कुठेतरी काहीतरी मोठी भानगड असल्याशिवाय माणूस इतकी तयारी करत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. "थांबा, आमच्या साहेबांना दाखवतो."

"साहेब कुठे आहेत?"

"येतील आता. जाममध्ये अडकलेत."

उन्नतीने सरांचं मनगट धरून घड्याळ बघितलं. मैदान तसं फार लांब नव्हतं. गाडीने लांब होतं. तिने हेल्मेट काढून सरांच्या हातात दिलं.

"पप्पा, मी पळते."

"अगं, पण..."

"पळायला लायसन लागत नाही!" हे ती पळता पळता ओरडली. दोन कंटेनरांच्या मधून तिची वेणी एकदा उडालेली दिसली. त्या सकाळी त्या संपूर्ण रस्त्यावर पुढे जाणारी तेवढी एकच गोष्ट होती.

साहेब आले. त्यांनी कागद बघितले, हसले, हवालदाराला काहीतरी बोलले, आणि मोपेडसोबत स्वतःचा फोटो काढून घेतला. "चला गुरुजी, या," ते म्हणाले. मोपेड सुरू होईना. सर ती ढकलत निघाले. मैदानापर्यंतच्या वाटेत त्यांना आठवलेलं सगळं नागरिकशास्त्र त्यांनी मनातल्या मनात खोडून काढलं. एका टपरीवरच्या चार माणसांसाठी आपण पोरीचं वर्ष घालवलं, एवढाच धडा उरला.

मैदानाच्या फाटकात दिपाली मॅडम भेटल्या. सरांना विचारायची हिंमत होईना.

"आली हो," मॅडम म्हणाल्या. "मी शेवटचं नाव घेत होते आणि ही पत्र्याच्या कुंपणावरून उडी मारून आत. बाकीच्या मुली अंग गरम करत होत्या, हिचं रस्त्यातच झालं होतं. पहिल्याच चढाईत तिघींना घेऊन आली."

"म्हणजे..."

"घेतली. पण सर, पुढच्या वेळी पोरीला पळत पाठवू नका. गाडी-बिडी बघा काहीतरी."

उन्नती गुडघे खरचटलेली, मातीने माखलेली, केळं खात आली. सर मोपेडला टेकून उभे होते.

"माझ्यामुळे तुझं नाव गेलं असतं," ते म्हणाले.

"हो," उन्नती म्हणाली. तिने साल कचऱ्याच्या डब्यात टाकलं, हेल्मेट घातलं, पायडल मारलं, आणि मोपेड पहिल्या झटक्यात सुरू झाली. "बसा मागे. शिकाऊला एकटीला जाता येत नाही."

परत येताना रस्ता मोकळा झाला होता. एका नाक्यावर नवाच सिग्नल बसवला होता, आणि कुणाच्या तरी नजरचुकीने तो त्या दिवशी चालू होता. लाल लागला. उन्नतीने मोपेड पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी केली. मागे रिक्षा थांबली, कारण पुढे जायला जागा नव्हती. रिक्षामागे टेम्पो, टेम्पोमागे कंटेनर. सगळे एकदम हॉर्न वाजवू लागले.

"ओ मॅडम, चलो ना!" रिक्षावाला ओरडला. "कौन देख रहा है?"

"बंद पड गई क्या?" टेम्पोतून कुणीतरी विचारलं.

समोरचा रस्ता पूर्ण रिकामा होता. सरांचे कान तापले. आयुष्यभर ते या क्षणाची वाट बघत होते, आणि आता तो आला तेव्हा त्यांना फक्त इथून निघायचं होतं. ते पुढे वाकून कुजबुजले, "उन्नती, कोणी येत नाहीये. निघ हळूच."

उन्नतीने मान वळवली नाही. तिचा एक पाय जमिनीवर घट्ट होता, जसा चढाईच्या आधी असतो.

"लाल आहे, सर," ती म्हणाली.

घरात तिने त्यांना कधीच सर म्हटलं नव्हतं. मढवी सर सरळ बसले. हेल्मेट नीट केलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मागे अर्धी भिवंडी त्यांच्या नावाने ओरडत होती.

"वाजू दे," ते म्हणाले. पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.